वडनेरचा पहिला इन्कमटॅक्सवाला

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

वडनेर भोलजी, मार्गे नांदुरा
१५ जानेवारी १९६५

चि. उत्तम यास,

वडनेरहून दादाचे अनेक आशीर्वाद. चि. सौ. रुख्मिणीला आणि लेकरांनाही. इकडे सगळे ठीक. मेहकरला थंडी फार असते म्हणतात, तरी जपून राहणे.

काल संक्रांत झाली. या पाकिटात चिमूटभर तिळगूळ घातला होता, पण पोस्टमास्तर म्हणाले, वजन वाढलं, जास्तीचं तिकीट लागेल. म्हणून तो काढून पोस्टाच्या पायरीवर बसून मीच खाल्ला. तुझ्या नावाने खाल्ला. तेव्हा गोड बोलायची जबाबदारी आता तुझ्यावर.

सहा वर्षांनी दादाचं अक्षर पाहून दचकू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. उलट आनंदाची बातमी आहे. आपल्या शेवंतेचं लग्न ठरलं. तू पाहिलीस तेव्हा परकर सावरत गोफण घेऊन पाखरं हाकत होती, आता एकोणीस वर्षांची झाली आहे आणि मलाच हाकते. मुलगा शेगावचा, नाव महादेव. वडील वामनराव, त्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि माडीवर चार खोल्या, त्या दर्शनाला येणाऱ्यांना भाड्याने देतात. मुलगा बोलायला नरम, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. लग्न मागच्याच वर्षी व्हायचं, पण त्यांच्याकडे आजी वारली, म्हणून आता वैशाखात धरलं आहे.

दीड वर्षापूर्वी बैठक झाली तेव्हाची एक गंमत सांगतो. देण्याघेण्याचं सगळं नीट चाललं होतं. चहा झाला. वामनरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पाव्हणे, बाकी आमचं काई म्हणणं नाई. पण आमचं घर इन्कमटॅक्सवालं हाये. सोयरिक बरोबरीत पाह्यजे. तुमच्याकडे कसं हाये?"

मी म्हटलं, "आमच्याकडेबी तेच हाये."

आत तुझ्या वहिनीच्या, सोजराबाईच्या हातातून पळी पडली.

तेव्हापासून मी इन्कमटॅक्स भरतो. वडनेरात भरणारा मी पहिलाच, आणि अजून दुसरा कोणी झालेला नाही. बँकेचा शिक्का बसलेलं चलान काचेच्या चौकटीत घालून महाराजांच्या तसबिरीशेजारी लावलं आहे. वामनराव आले तेव्हा त्यांनी भिंतीकडे पाहून हात जोडले. महाराजांना की चलानाला, ते विचारलं नाही.

गावात मान वाढला हे मात्र खरं. रोज सकाळी ओसरीवर दोन-चार माणसं इन्कमटॅक्सचं विचारायला येतात. अर्जुनरावाने विचारलं, "भगवंतराव, म्हशीच्या दुधावर टॅक्स लागते काय?" मी म्हटलं, दुधावर नाही, भाजीवर लागतो. उकंडरावाला जावयाला घातलेल्या अंगठीची काळजी होती. त्याला सांगितलं की अंगठी जावयाच्या बोटात गेली की टॅक्सही जावयाच्या बोटात जातो. तुळशीरामने विचारलं, "बायको माहेरून पैसे आणते त्याचं कसं?" मी म्हटलं, असा अनुभव मला नाही, म्हणून नियमही माहीत नाही. लोक समाधानाने जातात. डॉक्टरकडून जातात त्याहून जास्त समाधानाने जातात.

असो. लिहिण्याचं कारण अगदी छोटं आहे. अकोल्याच्या इन्कमटॅक्स साहेबांचं माझ्याकडे एक विचारणं आलं आहे. मळ्याच्या उताऱ्यावर आबांच्या मागे पटवाऱ्याने आपल्या दोघांचीही नावं लावली आहेत. तुझं नाव अजून तसंच आहे, मी काढायला गेलो नाही, हे ध्यानात घे. तर एका कागदावर तुझीही सही लागते. मजकूर मी पाहून घेईन. तू फक्त सही करायची, शाळेच्या हजेरीवर करतोस तशी.

विहिरीला हल्ली बरं पाणी आहे. वांगी चांगली आली.

उलट टपाली कळव.

तुझा वडील भाऊ,
भगवंतराव
(इन्कमटॅक्स भरणार, वडनेर)

⁂

वडनेर भोलजी
२ फेब्रुवारी १९६५

चि. उत्तम यास, आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी लिहिलंस ते तीन शब्द: "मळ्याचे उत्पन्न किती?" ना आशीर्वाद मागितलास, ना शेवंतेची चौकशी. बरं, लिहायचंच होतं तर पाकिटात लिहायचं. उघडं कार्ड पोस्टमास्तरांनी आधी वाचलं, मग पोस्टमनने वाचलं, मग त्यांनी ते खिडकीशी उभ्या असलेल्या चौघांना वाचून दाखवलं. आता गावात मला रामराम कोणी करत नाही. लांबूनच विचारतात, "काय भगवंतराव, मळ्याचं उत्पन्न किती?"

त्याचं उत्तर देतोच. पण आधी इन्कमटॅक्सचा प्रकार नीट सांगतो, म्हणजे गैरसमज नको.

बैठकीत शब्द गेला होता. वामनराव पुढच्या भेटीत चलान बघायला मागतील ही धास्ती. म्हणून मी अकोल्याला गेलो आणि साहेबांना म्हटलं, मला टॅक्स भरायचा आहे. साहेब पुण्याकडचे, वयाने तुझ्याएवढे. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. त्या ऑफिसात खुर्ची कोणाला मिळत नाही, असं शिपाई मागाहून सांगत होता.

"धंदा काय आपला?" साहेब म्हणाले.

"शेती. आठ एकर मळा, इहिरीवरचा."

"अहो काका, मग कशाला आलात? शेतीच्या उत्पन्नावर इन्कमटॅक्स नसतो. खुशाल घरी जा."

मला राग आला. "म्हंजे मी काय कंगाल हाये?"

"कंगाल कुठे म्हणतोय? ही सवलत आहे."

"मले सवलत नाई पाह्यजे, साहेब. मले टॅक्स पाह्यजे."

साहेबांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. ते मला दिलं की स्वतः प्याले ते आठवत नाही. पण टॅक्स काही घेतला नाही.

मग खामगावला मोतीराम नावाच्या माणसाकडे गेलो. व्यापाऱ्यांचे टॅक्सचे कागद तो तयार करतो. त्याने सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाला, "भगवंतराव, बारा वर्सं झाले, मी कमाई कमी करून द्यायचे पैसे घेऊन राह्यलो. वाढवून द्यायचा रेट मले माहीत नाई." शेवटी दुप्पट घेतले. तोड मात्र त्याने काढली. मळ्याची कमाई मळ्याची म्हणायचीच नाही. गावोगावची भाजी मी विकायला घेतो, अडत करतो, असं दाखवायचं. शेती माफ, पण अडतीवर टॅक्स आहे. झालं. "आकडा किती टाकू?" म्हणाला. वामनरावांचं दुकान डोळ्यांसमोर आणून मी म्हटलं, टाक अठरा हजार.

त्यावर दोन हजार एकशे ऐंशी रुपये टॅक्स बसला. शेवंतेच्या लग्नासाठी ठेवले होते त्यातून दिले. तिच्याच लग्नासाठी दिले, असं सोजराबाईला समजावलं. ती म्हणाली, "लग्नाचा मांडव सोडून चलानाखाली बसवा पोरीले."

इथपर्यंत ठीक होतं. पण आता साहेबांचं लांबलचक पत्र आलं आहे. ते म्हणतात, अठरा हजारांची अडत एका दिवसात उगवत नाही. तेव्हा मागची तीन वर्षंही तुम्ही अडत केली असणार आणि लपवली असणार. मागचा टॅक्स, त्यावर व्याज, सगळे मिळून सात हजार तीनशे चाळीस रुपये पंधरा मार्चच्या आत भरा. नाहीतर इंजिन, बैल, घरातली चीजवस्तू जप्त होईल. उत्तम, वैशाखात मांडव घालायचा आणि त्याच्या आधी दारातून बैल सोडून नेले, तर शेवंतेकडे पुन्हा कोण बघेल? पोर परवा बैलांना घुगऱ्या घालताना रडत होती. मी पाहिलं आणि गोठ्याच्या मागून गेलो.

मी साहेबांकडे जाऊन कबूल केलं की अडत-बिडत काही नाही, सगळा मळाच आहे. ते म्हणाले, "आता ते नुसत्या तोंडी कसं मानू? उताऱ्यावर नाव असलेल्या दोघांनीही लिहून द्या की मळ्याचं वर्षाचं उत्पन्न अमुक इतकं आहे. खोटं निघालं तर दोघांवरही खटला भरीन." सोळा फेब्रुवारीची तारीख दिली आहे.

म्हणून सही हवी. त्या अमुकच्या जागी आकडा मी घालतो, त्याची तू काळजी करू नकोस.

तू म्हणशील, मळ्यात काही राहिलं नाही, विहीर आटली, खर्चही भागत नाही, असं दादा वाटणीच्या वेळी पंचांसमोर म्हणाला होता. मग आता उत्पन्न कुठून आलं? अरे, ते त्या वर्षीचं होतं. विहिरींचं असंच असतं. कधी आटतात, कधी भरतात. तू मास्तर आहेस, तुला भूगोल मी काय सांगू?

पुढच्या वेळी पाकीट वापर. तिकिटाचे पैसे मी देईन.

तुझा दादा,
भगवंतराव

⁂

वडनेर भोलजी
१८ फेब्रुवारी १९६५

उत्तम,

तुझं दुसरं कार्ड आलं. "त्या दिवशी विहिरीच्या चिखलाला क्रूड तेलाचा वास येत होता." पोस्टमास्तरांना काही अर्थ लागला नाही. त्यांनी मला विचारलं, हे कसल्या औषधाचं आहे काय? मी हो म्हटलं आणि घरी येऊन ओसरीवर बसलो. सोजराबाई जेवायला वाढून तीनदा बोलावून गेली.

म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं.

आता लिहितो. नांदुऱ्याहून मी भाड्याने इंजिन आणलं. दोन दिवस विहीर उपसली आणि सगळं पाणी नाल्यात सोडलं. एवढं पाणी वाहताना पाहून मी नाल्याकडे पाठ करून बसलो, तुझ्यामुळे नाही, पाण्यामुळे. तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिन परत धाडलं आणि पंचांना बोलावलं. त्यांनी काठावरून वाकून पाहिलं, चिखल दिसला. मी डोक्याला हात लावून म्हणालो, पाहा, यात भावाला काय वाटून देऊ? पंच हळहळले. तू मात्र पायऱ्या उतरून खाली गेलास. चिखल हातात घेतलास, नाकाशी नेलास आणि वर येऊन काही बोलला नाहीस. मला वाटलं, मास्तर माणूस, याला इंजिनाच्या तेलाचं काय कळतं? त्याच दुपारी तू रुख्मिणीला आणि कडेवरच्या पोराला घेऊन मोटारीत बसलास. पाचव्या दिवशी पाणी पुन्हा वरच्या पायरीला लागलं आणि मी वांग्याची रोपं लावली.

सहा वर्षं मी तुला भोळा समजत होतो आणि तू मला लबाड समजत होतास. त्यातलं तुझंच बरोबर निघालं.

का केलं म्हणून विचारशील. तुला महिन्याचा पगार होता, हे मी स्वतःला रोज सांगायचो. मळ्यात राबतो मी, खांद्याला घट्टे माझ्या, असंही सांगायचो. पण खरं म्हणजे हाव सुटली, दुसरं काही नाही. मला लाज वाटते, उत्तम. पत्रात लिहिताना सोपं जातं, समोर असतास तर विहिरीचा गाळ, पावसाचं मान असलं काही काढलं असतं.

आता परवाचं ऐक. तुझी सही नाही, तरी तारखेला जावं लागलं. ऑफिसच्या व्हरांड्यात बाकावर जाऊन बसलो तर शेजारी कोण? वामनराव! मांडीवर पिशवी, पिशवीत कागदांचं गाठोडं. मला पाहून ते उडालेच. मग दोघंही हसलो.

"इकडं कुठं, पाव्हणे?"

"सायबाची भेट घ्यायले आलो. सहज. तुम्ही?"

"मीबी सहज."

असे दोघे सहज बसलो होतो, तेवढ्यात शिपाई दारात येऊन ओरडला, "शेगाववाले वामनराव! थकबाकी, सन सत्तावन्नपासून!"

उत्तम, मी आयुष्यात पुष्कळ तोंडं पाहिली, पण वामनरावांचं तेव्हाचं तोंड विसरणार नाही. ते आत गेले, अर्ध्या तासाने घाम पुसत बाहेर आले आणि पुन्हा माझ्या शेजारी बसले. कागद पुन्हा पिशवीत कोंबले. मग म्हणाले, "इन्कमटॅक्सवालं घर म्हंजे भरणारंच असते असं थोडी हाये. ज्याच्या मांगं इन्कमटॅक्स लागला तेबी इन्कमटॅक्सवालंच ना? आज सायबानं हप्ते बांधून देल्ले."

मग मी माझं सांगितलं. मला टॅक्स नव्हताच, तुमच्या एका शब्दापायी ओढवून घेतला, हे ऐकून ते इतके हसले की शिपायाने दटावलं. डोळे पुसून म्हणाले, "भगवंतराव, तुमचा आकडा खोटा, माहा भरणा खोटा. पोट्टा अन् पोट्टी तेवढे खरे हायेत. लग्न काऊन मोडाचं?" सोयरिकीची काळजी तिथेच मिटली. आम्ही स्टेशनवर चहा प्यालो. पैसे कोणी द्यायचे यावर दोघांनीही आग्रह केला नाही.

पण जप्ती तशीच आहे. साहेबांनी चार मार्चची शेवटची तारीख दिली. जाता जाता मी त्यांना गावातले प्रश्नही विचारून घेतले. भाजीवर नाही, पण दुधाचा धंदा केला तर त्यावर टॅक्स आहे म्हणाले. म्हणजे मी अर्जुनरावाला नेमकं उलटं सांगितलं होतं. घरी येऊन हे बोललो, तेव्हापासून सोजराबाई माझ्यासमोर तूप मोजत नाही. चार म्हशींचं तूप नांदुऱ्याला जातं हे मला आता समजतं आहे.

तेव्हा सोबत साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मजकूर लिहून कागद पाठवतो आहे. आकड्याची जागा मोकळी ठेवली आहे. तू काय म्हणतोस? तीन हजार लिहू का? तीन हजार बरं दिसतं. साहेबही मानतील, आणि तुलाही फार वाटणार नाही.

हे शेवटचं वाक्य खोडायचं होतं, पण मग कागद पुन्हा लिहावा लागेल. राहू दे.

तुझा,
भगवंत

⁂

वडनेर भोलजी
५ मार्च १९६५

प्रिय उत्तम,

तुझं पाकीट परवा आलं. पाकीट, रजिस्टर केलेलं. पोस्टमास्तर हिरमुसले.

आत माझाच कागद, त्यावर तुझी सही. दुसरी चिठ्ठी नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं, सोजराबाईने उजेडाकडे धरून पाहिलं, काही नाही. आणि आकड्याची जागा मोकळी होती तशीच मोकळी.

तू मास्तर असून कोऱ्या जागेवर सही केलीस! खोटं निघालं तर खटला दोघांवरही, हे मी तुला लिहिलं होतं. नोकरी सरकारी आहे तुझी. मी तिथे तीन हजार लिहिले असते, तीनशे लिहिले असते, तर तुला कळलंसुद्धा नसतं. आणि लिहिणारा कोण, तर विहीर उपसणारा. आधी मला रागच आला. असा कोणी भरोसा टाकतं का? हा भरोसा आहे की परीक्षा, हेही कळेना. शेवंतेला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, काकाले उत्तर नाई पाह्यजे. काकाले तुमी पाह्यजे." मग मी बाहेर जाऊन बैलांना पाणी दाखवलं. पोरीसमोर उभं राहवेना.

घरी आकडा लिहायला तीनदा बसलो. एकदा शाई वाळली, एकदा पाहुणा आला, एकदा मीच उठलो. शेवटी काल कागद तसाच घेऊन अकोल्याला गेलो. साहेबांपुढे ठेवला. ते म्हणाले, "काका, आकडा?" मी त्यांच्याच टाकाने त्यांच्यासमोर लिहिला. सहा हजार चारशे.

उत्तम, मळ्याचं उत्पन्न वर्षाला सहा हजार चारशे आहे. खर्च वजा जाता. एखाद्या साली दोन-तीनशे इकडे तिकडे. तुझ्या पहिल्या कार्डाचं हे उत्तर.

साहेबांनी पटवाऱ्याचा उतारा पाहिला, नांदुऱ्याच्या आणि खामगावच्या बाजारातल्या पावत्या मी नेल्या होत्या त्या पाहिल्या. "आणि ते अठरा हजार?" म्हणाले. मी म्हटलं, "ते पोरीच्या सोयरिकीसाठी होते, साहेब." त्यांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, "उत्पन्न कमी दाखवणाऱ्यांसाठी माझ्याकडे पुष्कळ कलमं आहेत. जास्त दाखवणाऱ्याला काय करायचं ते मला पुस्तकात शोधावं लागेल. जा तुम्ही." मागणी रद्द होईल, महिनाभरात कागद येईल. भरलेले दोन हजार एकशे ऐंशी परत मागायला निराळा अर्ज करायचा. मोतीरामची फी कुठल्याही अर्जाने परत मिळत नाही. जप्ती टळली.

पण मी खुर्चीतून उठलो नाही. कागद पुन्हा मागून घेतला आणि आकड्याखाली एक ओळ वाढवली. "यांतील निम्मे उत्पन्न माझा भाऊ उत्तमराव याचे असून सन १९५९ पासून मी ते त्याला दिलेले नाही."

साहेबांनी ती वाचली. "काका, ही ओळ आम्हाला नको. कराच्या दृष्टीने तिचा काही उपयोग नाही."

मी म्हटलं, "राहू द्या साहेब. तुमच्या कामाची नसंन. पण तुमचा शिक्का बसला म्हंजे मले फिरवता येनार नाई. मले माहाच भरोसा नाई."

त्यांनी शिक्क्याची पेटी पुढे ओढली. मग नक्कल करायला सांगितली आणि दोन्हीवर शिक्का मारला. ती नक्कल या पत्रासोबत आहे. जपून ठेव. मी उद्या काही वेगळं बोललो, आणि माझा स्वभाव पाहता बोलेनही, तर ती पंचांसमोर काढ.

सहा वर्षांचे एकोणीस हजार दोनशे होतात. माझ्याकडे ते नाहीत. शेवंतेचं लग्न झालं की दर हंगामाला काही देत जाईन, किती ते तू ठरव. या वर्षापासूनचा निम्मा हिस्सा मात्र निघेल तसा मेहकरला येईल. मनिऑर्डरचा खर्च माझा. आणि मळा निम्मा करून हवा असेल तर पटवाऱ्याला बोलावून बांध घालू. विहिरीकडची बाजू तू घे. हे लिहिताना हात अडला होता, खोटं कशाला सांगू, पण लिहिलं.

लग्न वैशाख शुद्ध पक्षातलं आहे, तिथी वामनराव दोन दिवसांत कळवतील. शेवंतेचा हट्ट आहे की अंतरपाटामागे मामा उभा राहील तसा शेजारी काकाही उभा पाहिजे. असा रिवाज नाही, मी तिला म्हटलं. ती म्हणाली, आपल्या घरात कोणता रिवाज राहिला आहे? तू आलास नाही आलास, तरी तुझ्या ताटाभोवती रांगोळी पडेल. सोजराबाईने रुख्मिणीसाठी हिरवं लुगडं घेऊन ठेवलं आहे. पैसे कुठून आणले ते मी विचारलं नाही.

त्या कागदावर तू वरच्या जागी सही केली होतीस. घाईत असेल, किंवा मुद्दाम असेल. साहेब म्हणाले, थोरल्याची सही वर असते, पाहिजे तर नवीन कागद करा. मी नको म्हटलं.

तुझ्या सहीखाली सही केलेला,
भगवंत